मदरबोर्डवर स्लॉट कमी आहेत, मग होम सर्वर होणार कसा? लेनचं गणित सोप्या भाषेत

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून एक प्रश्न फार वेळा कानावर येतोय. घरी सहाव्या किंवा सातव्या जनरेशनचा आय५ पडून आहे, चालतो एकदम छान, पण विंडोज ११ मोजके अपवाद सोडले तर आठव्या जनरेशनच्या खालच्या इंटेलला अधिकृतपणे घेतच नाही. मग भंगारात घालायच्या ऐवजी त्याचा होम सर्वर करू, असं ठरतं. होम सर्वर म्हणजे घरात चोवीस तास चालू राहणारा कॉम्प्युटर, ज्याच्यावर घरातल्या सगळ्यांचे फोटो, मोबाईलचे बॅकअप, सिनेमे, कागदपत्रं राहतात आणि घरातल्या कुठल्याही फोन-टीव्हीवरून ती उघडता येतात. गूगल फोटोजचं अमर्यादित फुकट स्टोरेज १ जून २०२१ ला बंद झालं, १५ जीबी कधीच भरून गेले, त्यामुळे ही गरज आता हौशी लोकांपुरती राहिलेली नाही.

इथपर्यंत सगळं सोपं. मग कॅबिनेट उघडतात आणि दिसतं की बोर्डवर एक लांब स्लॉट आहे, दोन आखूड आहेत, साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, पोर्ट चारच. आणि लावायचंय काय काय? जास्त डिस्कसाठी एक कार्ड, फास्ट नेटवर्कचं कार्ड, एक एनव्हीएमई एसएसडी (साटापेक्षा बरीच फास्ट अशी न फिरणारी डिस्क), शिवाय कोणीतरी सांगितलेलं असतं की सिनेमे बघायचे तर ग्राफिक्स कार्ड पाहिजेच. चार वस्तू, तीन स्लॉट, त्यातले दोन इतके छोटे की कार्ड बसतच नाही. दुकानात विचारलं तर उत्तर येतं, नवीन बोर्ड घ्या, मग नवीन प्रोसेसर, मग नवीन रॅम. मला हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं वाटतं आणि ते का, ते नीट सांगायचा प्रयत्न करतो, कारण एकदा लेनचं गणित कळलं की त्याच बोर्डात किती जागा आहे ते तुम्हालाच दिसायला लागतं.

स्लॉट वेगळा, लेन वेगळी

बोर्डवरचे हे स्लॉट पीसीआय एक्सप्रेस नावाच्या पद्धतीवर चालतात, लोक त्याला पीसीआयई म्हणतात. स्लॉट म्हणजे फक्त प्लास्टिकचा खाचा. खरी वस्तू आहे लेन. लेन म्हणजे प्रोसेसरपासून कार्डापर्यंत डेटा जायला एक आणि यायला एक असा तारांच्या जोड्यांचा एक संच. एका स्लॉटला १, ४, ८ किंवा १६ लेन जोडलेल्या असतात आणि म्हणून त्यांना एक्स१, एक्स४, एक्स८, एक्स१६ म्हणतात.

एका लेनमधून किती डेटा जातो ते पिढीवर अवलंबून. पहिल्या पिढीत एका लेनला सेकंदाला २५० एमबी, दुसऱ्या पिढीत ५००, तिसरीत साधारण ९८५, चौथीत जवळजवळ २ जीबी, पाचवीत जवळजवळ ४ जीबी. म्हणजे दर पिढीला दुप्पट. हे आकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

आणि एक, इथे सगळीकडे मी एमबी म्हणतोय ते बाइटमधले. नेटवर्कवाले बिटमधे बोलतात. १ गिगाबिटचं नेटवर्क म्हणजे सेकंदाला १२५ एमबी, प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळतात. इथे आठाचा फरक पडतो आणि त्या गोंधळात लोक गरज नसताना महाग कार्ड घेतात.

लांब दिसतो म्हणजे सोळा लेन आहेत असं नाही

हा सगळ्यात मोठा गैरसमज. बोर्ड बनवणारे बऱ्याचदा एक्स१६ च्या लांबीचा खाचा लावतात आणि आतून तारा मात्र चारच लेनच्या जोडतात. उदाहरणार्थ एएमडीच्या बी४५० चिपसेटचे (चिपसेट म्हणजे काय ते पुढे येतंच) बरेच बोर्ड असे आहेत की वरचा लांब स्लॉट खरा सोळाचा, आणि खाली दिसायला हुबेहूब तसाच दुसरा स्लॉट, पण तो चार लेनचा आणि तोही दुसऱ्या पिढीचा. बॉक्सवर मात्र दोन एक्स१६ स्लॉट असं ठळक लिहिलेलं. खोटं नाही ते, लांबीबद्दल खरं आहे.

उलट बाजूने सुद्धा हेच. एक्स८ चं कार्ड चालायला आठ लेन लागतातच असं नाही. पीसीआयईमधे कार्ड आणि बोर्ड चालू होताना आपसात ठरवतात की तुझ्याकडे किती, माझ्याकडे किती, आणि दोघांना जमेल तेवढ्यावर काम सुरू करतात. आठ लेनचं कार्ड चार लेनवर चालतं, एका लेनवर पण चालतं, फक्त वेग कमी. काही जळत नाही, काही खराब होत नाही. अडचण फक्त बसवायची आहे, लांब कार्ड आखूड खाच्यात जात नाही. काही बोर्डांवर आखूड स्लॉटची मागची बाजू उघडी असते, तिथे लांब कार्डसुद्धा बसतं, उरलेलं टोक हवेत राहतं आणि तरी चालतं. बंद असेल तर काही जण ब्लेडने कापतात, पण बोर्डचे ट्रॅक तुटायची भीती असते म्हणून मी कोणाला सुचवणार नाही.

पिढीचं पण तसंच, दोघांतली जी जुनी असेल ती लागू होते. आणि इथे एक बारीक खोच आहे जी बरेच जण विसरतात. दुसऱ्या पिढीचं आठ लेनचं कार्ड तुम्ही तिसऱ्या पिढीच्या चार लेनच्या स्लॉटमधे लावलं तर तुम्हाला वाटतं लेन अर्ध्या झाल्या पण पिढी नवीन आहे म्हणजे हिशोब बरोबर. नाही. ते कार्ड दुसऱ्या पिढीच्याच वेगाने चालणार आणि चारच लेनवर, म्हणजे सरळ अर्धं.

प्रोसेसरची लाईन आणि चिपसेटची लाईन

लेन दोन ठिकाणाहून येतात. काही थेट प्रोसेसरमधून, काही चिपसेटमधून. चिपसेट म्हणजे बोर्डवरची ती दुसरी चिप जी साटा, यूएसबी, लॅन, छोटे स्लॉट असं सगळं किरकोळ सांभाळते.

सोसायटीच्या पाण्यासारखं आहे हे. गच्चीवरच्या टाकीतून एक जाड पाईप थेट एका फ्लॅटला गेलाय, ती प्रोसेसरची लाईन. आणि दुसरा एक पाईप आख्ख्या विंगला गेलाय, त्याच्यावर वीस नळ आहेत. नळ कितीही लावा, पाणी त्या एकाच पाईपातून येणार. एखाद-दोन नळ चालू असतील तर कोणाला काही कळत नाही, सकाळी सात वाजता सगळ्यांनी एकदम सोडले की धार बारीक होते. चिपसेटचं अगदी हेच. त्याच्याकडे स्वतःच्या पुष्कळ लेन असतील, पण त्याच्यापासून प्रोसेसरपर्यंतचा रस्ता एकच, आणि सगळ्यांचा मिळून.

आता आकडे. सहाव्या-सातव्या जनरेशनच्या साध्या इंटेल प्रोसेसरमधे थेट लेन १६, तिसऱ्या पिढीच्या. आपल्याकडे ऑफिसांमधून ढिगाने बाहेर पडणारा एच११० बोर्ड घेतला तर त्याच्या चिपसेटकडे ६ लेन, दुसऱ्या पिढीच्या, आणि प्रोसेसरकडे जायचा रस्ता साधारण २ जीबीचा. एएमडीच्या एएम४ सॉकेटमधे (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) प्रोसेसरच्या एकूण २४ लेन, त्यातल्या १६ ग्राफिक्सच्या स्लॉटला, ४ एनव्हीएमईला, ४ चिपसेटशी बोलायला. पण ३२००जी, ३४००जी सारखे आत ग्राफिक्स असलेले प्रोसेसर असतील तर लांब स्लॉटला सोळाच्या ऐवजी आठच मिळतात, हे खूप जणांना माहीतच नसतं. बी४५० चिपसेटच्या ६ लेन दुसऱ्या पिढीच्या, बी५५० च्या १० लेन तिसऱ्या पिढीच्या. तुम्ही एएम४ वर होम सर्वर करणार असाल आणि सेकंडहँड बोर्ड शोधत असाल तर या एका कारणासाठी मी बी५५० ला थोडे जास्त पैसे द्यायला सांगेन.

आणखी एक गोष्ट जी मॅन्युअलच्या तळटीपेत लपलेली असते. लेन कमी असल्यामुळे बोर्डवाले एकच लेन दोन ठिकाणी वाटून देतात. एम.२ मधे, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीसाठी असलेल्या छोट्या खाच्यात, एसएसडी लावली की साटाचे दोन पोर्ट बंद होतात, किंवा दुसरी एम.२ वापरली की खालचा स्लॉट बंद. चार डिस्क लावल्या, दोनच दिसतात, आणि माणूस केबल बदलत बसतो, डिस्क खराब आहे म्हणून परत करायला जातो. आधी मॅन्युअल उघडा. पीडीएफ फुकट मिळते, स्लॉटच्या पानावर अर्धा तास घालवा.

कार्डाला खरंच किती लागतं

आता मुख्य मुद्दा. कार्डाची लांबी बघून घाबरायचं नाही, त्याच्यावरून प्रत्यक्षात किती एमबी धावणार आहेत ते बघायचं.

आधी डिस्कचं कार्ड, ज्याला एचबीए म्हणतात. हे कार्ड साटा किंवा सॅस (सर्वरमधल्या) डिस्क बोर्डला जोडून देतं, स्वतः काही डोकं चालवत नाही. होम सर्वरवाल्यांत सगळ्यात चालतं ते एलएसआय कंपनीचं ९२११-८आय, जुन्या सर्वरमधून काढलेलं सेकंडहँड, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळून जातं. एका कार्डावर आठ डिस्क. ते दुसऱ्या पिढीचं आठ लेनचं आहे, म्हणजे कागदावर ४ जीबी. एक साधी फिरती हार्ड डिस्क, अगदी नवीन मोठी असली तरी, सलग वाचताना सेकंदाला २५० एमबीच्या आसपास देते आणि आतल्या ट्रॅकवर गेली की त्याच्या निम्म्यावर येते. आठ डिस्क एकदम पूर्ण वेगाने धावल्या तर २ जीबी. म्हणजे दुसऱ्या पिढीच्या चार लेन कागदावर बरोब्बर पुरतात, प्रत्यक्षात थोडं कमी पडेल. आणि आठही डिस्क एकदम कधी धावतात? महिन्यातून एकदा सगळा डेटा तपासायचं काम चालतं तेव्हा, किंवा डिस्क मेली आणि नवीन भरायची असेल तेव्हा. ते काम रात्री एक-दोन तास जास्त चाललं तर काय बिघडतं. नवीन ९३००-८आय असेल तर ते तिसऱ्या पिढीचं आहे, त्याला बी५५० चिपसेटच्या चार लेनच्या स्लॉटमधे सुद्धा साडेतीन जीबीच्या वर मिळतात, विषयच संपला.

एचबीए घेताना दोन गोष्टी सांगायलाच हव्यात कारण इथे डेटा जाऊ शकतो. एक, त्याच्यात आयटी मोडचं फर्मवेअर (कार्डाच्या आतला प्रोग्राम) हवं, म्हणजे कार्ड स्वतःची रेड, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक साठा, न करता डिस्क जशाच्या तशा दाखवतं. दोन, ही कार्डं सर्वरच्या जोरदार हवेसाठी बनवलेली आहेत, घरच्या कॅबिनेटमधे ती प्रचंड तापतात, हात लावून बघा चटका बसेल. हीटसिंकवर एक छोटा पंखा बांधायचाच. आपल्या एप्रिल-मे मधे तर यात तडजोड नकोच.

नेटवर्क कार्ड. २.५ गिगाबिट म्हणजे सेकंदाला ३१२ एमबी. दुसऱ्या पिढीची एकच लेन ५०० देते. म्हणजे सगळ्यात आखूड, सगळ्यात जुना एक्स१ स्लॉट सुद्धा पुरून उरतो. रियलटेकच्या आरटीएल८१२५ चिपचं कार्ड एक्स१ मधेच येतं. १० गिगाबिट म्हणजे १२५० एमबी, तिथे मात्र तिसऱ्या पिढीची एक लेन ९८५ ला थांबते, म्हणजे आठ गिगाबिटच्या जरा खाली. त्याला चार लेन द्या. इंटेलचं एक्स५२० आठ लेनचं दिसतं, पण एकच पोर्ट वापरणार असाल तर दुसऱ्या पिढीच्या चार लेनवर आरामात पूर्ण वेग देतं.

पण थांबा, घरात १० गिगाबिट पाहिजे कशाला? तुमच्या सर्वरवरचे फोटो बघणारा फोन वायफायवर आहे. टीव्हीला ४के सिनेमाला लागतात जास्तीत जास्त सेकंदाला १०-१५ एमबी. गिगाबिट नेटवर्क एकटी जुनी हार्ड डिस्क भरून टाकते, त्याच्यापुढे सगळं अडकलेलं असतं. व्हिडिओ एडिटिंग थेट सर्वरवरून करणारे लोक सोडले तर बहुतेक घरांना २.५ म्हणजे भरपूर झालं, आणि साधं गिगाबिट असलं तरी काही अडत नाही. स्लॉट वाचवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे जे कार्ड लागत नाही ते न घेणं.

ग्राफिक्स कार्ड, म्हणजे सगळ्यात मोठं, दोन स्लॉटची जागा खाणारं आणि शेजारचा एक्स१ झाकून टाकणारं. ते लोकांना हवं असतं जेलीफिन किंवा प्लेक्स या सर्वरवरून सिनेमे दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी, म्हणजे टीव्हीला न झेपणारा व्हिडिओ चालू असतानाच दुसऱ्या प्रकारात बदलून द्यायला. हे काम इंटेलच्या आतल्याच ग्राफिक्समधे होतं, त्याला क्विक सिंक म्हणतात. आय५-७५०० मधलं एचडी ६३० हे १० बिटचं एचईव्हीसी (४के सिनेमांत वापरला जाणारा व्हिडिओचा प्रकार) सुद्धा हाताळतं. म्हणजे लांब स्लॉट सगळाच्या सगळा मोकळा. फक्त ज्या इंटेलच्या नावामागे एफ आहे त्यात आतलं ग्राफिक्स नसतं, ते तपासा. आणि अगदीच वेगळं कार्ड लावायचं तर व्हिडिओ बदलायच्या कामाला सोळा लेन लागत नाहीत, दाबलेला व्हिडिओ आत जातो आणि दाबलेलाच बाहेर येतो, एका-चार लेनवर सहज होतं. घरच्या घरी एआय मॉडेल चालवणाऱ्यांचं पण असंच, एका कार्डात मावणारं मॉडेल असेल तर ते एकदा कार्डाच्या मेमरीत चढताना वेळ घेतं, नंतर लेनवर विशेष काही धावत नाही.

तोच जुना आय५, कागदावर

आता सुरुवातीचं तेच मशीन घेऊ. आय५-७५००, एच११० बोर्ड, एक लांब स्लॉट, दोन एक्स१, साटा चार, एम.२ नाही.

लांब स्लॉटमधे एचबीए. प्रोसेसरची थेट लाईन आहे, सोळातल्या आठ लेन वापरल्या जातील, आठ उगाच पडून राहतील, राहू देत. एका एक्स१ मधे २.५ गिगाबिटचं लॅन कार्ड. दुसऱ्या एक्स१ मधे वाटलं तर एनव्हीएमईचं छोटं अडॅप्टर, त्याला ५०० एमबीच मिळतील, म्हणजे साटा एसएसडीएवढा वेग, पण डॉकर (सर्वरवरचे प्रोग्राम वेगवेगळे ठेवून चालवायची सोय) आणि फोटोंच्या डेटाबेससाठी तो पुरेसा आहे, शिवाय साटाचा एक पोर्ट वाचतो. फक्त या जुन्या बोर्डांचा बायोस, म्हणजे मशीन चालू होताना आधी धावणारा बोर्डचा प्रोग्राम, एनव्हीएमईवरून बूट होईलच याचा भरवसा नाही, म्हणून बूटसाठी साटाचीच एक छोटी एसएसडी ठेवा. टीव्हीसाठी आतलं एचडी ६३०. झालं की. बोर्डच्या चारातले उरलेले तीन साटा आणि एचबीएचे आठ, अकरा डिस्क लागतील एवढी सोय ज्या बोर्डला लोक टाकाऊ म्हणतात त्यात.

दोन अडचणी येऊ शकतात. काही बोर्डांत लांब स्लॉटमधे कार्ड दिसलं की बोर्ड त्यालाच ग्राफिक्स समजतो आणि स्क्रीन काळी राहते, बायोसमधे जाऊन आतलं ग्राफिक्स पहिलं असं सेट करावं लागतं. दुसरं, सर्वर कंपन्यांची काही जुनी एचबीए साध्या बोर्डवर लावली की मशीन चालूच होत नाही, त्यासाठी कार्डाच्या बी५ आणि बी६ या दोन कॉन्टॅक्टवर कॅप्टॉन नावाच्या, वीज न वाहू देणाऱ्या टेपचा बारीक तुकडा चिकटवतात. ऐकायला विचित्र वाटतं पण हा जुना, खात्रीचा उपाय आहे, सर्वरला लागणारी एक छोटी लाईन घरच्या बोर्डला गोंधळात पाडते ती तेवढी बंद होते.

आणि पॉवर सप्लाय बघा हो. डिस्क फिरायला सुरू होताना प्रत्येकी १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास खेचते, आठ डिस्क म्हणजे जवळजवळ दोनशे वॅटचा एकदम झटका. लेन पुरल्या आणि एसएमपीएस नाही पुरला असं व्हायला नको.

मुळात एवढ्या डिस्क हव्यात का

हा प्रश्न कार्ड घेण्याच्या आधी विचारा. ४ टीबीच्या चार डिस्क, एक डिस्क मेली तरी चालेल अशा रचनेत, देतात १२ टीबी. १२ टीबीच्या दोन डिस्क एकमेकांची नक्कल म्हणून लावल्या तरी १२ टीबीच. पहिल्यात चार पोर्ट गेले, दुसऱ्यात दोन. दोन डिस्कची वीज कमी, आवाज कमी, एचबीए नको. तुमच्याकडे जुन्या डिस्क पडलेल्या असतील तर गोष्ट वेगळी, पण विकतच घ्यायच्या असतील तर कमी आणि मोठ्या घ्या.

चार एनव्हीएमईचं एक कार्ड मिळतं, ते लावलं की झालं ना?

हे कार्ड स्वस्तात मिळतं आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. त्या कार्डावर डोकं नसतं, नुसत्या तारा असतात. सोळा लेनचे चार-चारचे चार तुकडे करायचं काम बोर्डने करायचं असतं, त्याला बायफर्केशन म्हणतात. बोर्डला ते येत नसेल तर चार एसएसडी लावा, एकच दिसणार. एएमडीच्या बऱ्याच बी५५० आणि एक्स५७० बोर्डांच्या बायोसमधे हा पर्याय असतो. इंटेलमधे बाराव्या ते चौदाव्या जनरेशनला जास्तीत जास्त आठ-आठ असे दोनच तुकडे होतात, आणि तेही वरच्या चिपसेटवर, बी६६० आणि बी७६० वर तेही नाही. एच११० वर तर विषयच नाही. ज्यांच्यावर स्वतःची स्विच चिप असते ती कार्डं कुठल्याही बोर्डवर चारही एसएसडी दाखवतात, पण ती बरीच महाग असतात.

एम.२ मधून साटा पोर्ट काढतात ते, आणि वीस पोर्टवाली कार्डं

एम.२ मधून काढायची युक्ती चांगली आहे, मला आवडते. एएसएम११६६ चिपच्या छोट्या पट्टीवर सहा साटा पोर्ट येतात, जेएमबी५८५ वर पाच, दोन्ही तिसऱ्या पिढीच्या दोन लेन वापरतात म्हणजे दोन जीबीच्या जरा खाली, सहा डिस्कला छान पुरतं. फक्त तो एम.२ स्लॉट पीसीआयईवाला हवा, नुसत्या साटाच्या एम.२ मधे चालणार नाही. पट्टी नाजूक असते, केबलच्या ओझ्याने वाकते, तेवढं सांभाळा. वायफाय कार्डाचा छोटा एम.२ रिकामा असेल तर त्याच्यातून सुद्धा २.५ गिगाबिटचं लॅन काढायचे अडॅप्टर मिळतात, पण काही इंटेल बोर्डांत त्या जागी फक्त इंटेलचंच खास वायफाय चालतं, त्यामुळे मॅन्युअल बघूनच.

एका लेनवर दहा-वीस साटा पोर्ट देणारी लांबलचक कार्डं मात्र घेऊ नका. त्यात पोर्ट मल्टिप्लायर नावाच्या चिप असतात, एका पोर्टचे पाच करणाऱ्या. सगळ्या डिस्क मिळून ती एकच लेन वाटून घेतात, आणि वेगापेक्षा वाईट म्हणजे एक डिस्क अडखळली की त्याच पोर्टवरच्या पाचही एकदम गायब होऊ शकतात. रेडच्या मधोमध असं झालं तर पोरांचे लहानपणीचे फोटो पणाला लागतात.

मायनिंगचे रायझर, यूएसबीच्या डिस्क

यूएसबीसारख्या केबलचे एक्स१ रायझर, म्हणजे कार्ड स्लॉटपासून लांब ठेवायच्या जोडण्या, क्रिप्टो मायनिंगच्या काळापासून स्वस्तात पडलेत. एक लेन मिळते, पण बऱ्याच रायझरना वीज साटाच्या कनेक्टरमधून दिलेली असते. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटपुरता आहे आणि ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत मागू शकतं. वायर वितळतात. लॅन कार्डासारख्या छोट्या कामाला ठीक, पण ज्याच्यावर डिस्क आहेत ते कार्ड अशा रायझरवर ठेवू नका.

यूएसबीची बाहेरची डिस्क बॅकअपला उत्तम. रोजच्या मुख्य साठ्याला नको, कारण यूएसबीची जोडणी मधेच तुटून परत जोडली जाते आणि झेडएफएससारख्या फाइल सिस्टिमला ते अजिबात चालत नाही.

मग जुना झिऑन सर्वरच का नको, त्यात ४० लेन असतात

असतात, इंटेलच्या सर्वर प्रोसेसरपैकी एलजीए २०११-३ सॉकेटच्या झिऑन ई५ मधे खरंच ४० लेन असतात, एएमडीच्या एपिक या सर्वर प्रोसेसरमधे तर १२८. ज्याला चार-पाच मोठी कार्डं एकदम पूर्ण वेगात लागतात त्याच्यासाठी तो बरोबर रस्ता आहे. पण हे मशीन वर्षभर चालू राहणार आहे हे विसरू नका. समजा ते साध्या मशीनपेक्षा ५० वॅट जास्त खातं. ५० वॅट चोवीस तास, ३६५ दिवस म्हणजे ४३८ युनिट, युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला ४,३८० रुपये, दरवर्षी. शिवाय लाईट गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ टिकणार तेही त्यावरच. एचबीए सुद्धा दहा वॅटच्या आसपास खातं, म्हणून म्हटलं की लागत नसेल तर नकोच.

प्रॉक्समॉक्स चालवायचंय, कार्ड व्हर्च्युअल मशीनला द्यायचंय

प्रॉक्समॉक्स म्हणजे एकाच कॉम्प्युटरमधे अनेक आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारी सिस्टिम. इथे मात्र कुठला स्लॉट याला महत्त्व आहे. पूर्ण कार्ड एका व्हर्च्युअल मशीनला द्यायचं तर ते स्वतःच्या वेगळ्या गटात असावं लागतं, त्याला आयओएमएमयू ग्रुप म्हणतात. प्रोसेसरच्या थेट स्लॉटमधलं कार्ड बहुतेक वेगळं पडतं, चिपसेटवरचे स्लॉट कधीकधी लॅन, यूएसबी सगळ्यांसकट एकाच गटात येतात आणि मग एकटं कार्ड देता येत नाही. म्हणून ट्रूनास (डिस्कचा साठा सांभाळणारी सिस्टिम) व्हर्च्युअल मशीनमधे चालवणार असाल तर एचबीए वरच्या स्लॉटला, बाकीचं खाली. गट जबरदस्तीने तोडायचा एक पर्याय लिनक्समधे आहे पण त्यात सुरक्षेची भिंत पण तुटते.

बोर्ड खरंच बदलायची वेळ कधी

तीन-चार एनव्हीएमई, १० गिगाबिट आणि ग्राफिक्स कार्ड हे सगळं रोज एकदम वापरणार असाल तेव्हा. किंवा साटा आणि लेन एकमेकांच्या इतक्या आड येतायत की कार्ड घालायला जागाच नाही तेव्हा. त्याआधी चालू मशीनवर लिनक्समधे एल-एस-पी-सी-आय ही कमांड सविस्तर पर्यायासकट चालवा, प्रत्येक कार्डासमोर दोन ओळी येतात, एकीत कार्डाची क्षमता आणि दुसरीत आत्ता प्रत्यक्ष किती लेन, कुठल्या वेगाने. कार्ड रिकामं बसलेलं असताना वेग कमी दिसू शकतो, म्हणून मोठी फाइल कॉपी होत असताना बघा. चार लेनवर असलेलं कार्ड तुमच्या कामाला पुरतंय का ते तिथे कळेल.

आणि घ्यायचाच झाला तर दुकानात बॉक्सवरचे स्लॉट मोजू नका. फोनवर त्या मॉडेलचं मॅन्युअल उघडा, ब्लॉक डायग्रामचं पान काढा, प्रत्येक स्लॉटची रेघ प्रोसेसरला जाते का चिपसेटला ते बघा, शेअर्ड असं कुठे लिहिलंय ते वाचा, बायफर्केशन आहे का ते बायोसच्या भागात शोधा. ब्लॉक डायग्राम नसेल तर स्लॉटच्या तक्त्याखालच्या तळटीपा तरी वाचा, आणि त्याही नीट लिहिलेल्या नसतील तर त्या बोर्डवर पैसे टाकू नका, दुसरा बघा.